बाबांच्या वासाची बाटली

दुकान अकराला उघडायचं आणि रांग नवापासून लागायची. रांगेत बहुतेक बायका, प्रत्येकीच्या हातात पिशवी आणि पिशवीत घरातल्या गेलेल्या पुरुषाचा एक कपडा, न धुतलेला. कुणाचा बनियन, कुणाचा मफलर, एकीच्या पिशवीत तर नुसता उशीचा अभ्रा. दवाखान्यात बोलतात तसं सगळं अर्ध्या आवाजात चाललेलं.

"तुमची पहिलीच वेळ?"

"दुसरी. पहिली बाटली संपली."

"खरंच जुळतो का हो वास?"

"जुळतो का काय विचारता! मी झाकण काढलं आणि मागे वळून बघितलं. म्हटलं, आलेच हे अंघोळ करून."

ऐकणारीने पिशवी छातीशी धरली. तिच्यामागे वाळवी आपल्या आईबरोबर उभी होती. वाळवी हे काही कागदोपत्री नाव नव्हे. तिचे बाबा पुस्तकबांधणी करायचे आणि बांधायला आलेली पुस्तकं ही पोरगी परत जाण्याआधी फस्त करायची, म्हणून त्यांनी ठेवलेलं. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. नाव तेवढं मागे राहिलं होतं.

आईच्या पिशवीत बाबांचा कामाचा अ‍ॅप्रन होता. त्यांच्या अंगावरचं, न धुतलेलं असं घरात तेवढं एकच उरलं होतं. तो आज दुकानात द्यायचा होता. वाळवीच्या खिशात एक पावती होती आणि त्या पावतीबद्दल आईला काही माहीत नव्हतं.

दुकानाचा मालक चाळिशीतला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा शर्ट, हळू आवाज. लोक त्याला गंधसर म्हणत. काचेच्या कपाटात एकसारख्या चौकोनी बाटल्या, प्रत्येकीच्या झाकणावर मेण आणि आकडा. बाकीची अत्तरं दुकानांत मिळतात, हे अत्तर माणसागणिक एकच, असं त्याचं म्हणणं.

"माणूस जातो म्हणजे काय जातं? शरीर," तो सांगायचा. "गंध जात नाही, ताई. तो कापडात मुक्कामाला असतो. मी अत्तर बनवत नाही. मी फक्त दार उघडतो."

हे दार उघडण्याची किंमत अशी होती, की तेवढ्यात एखाद्याने खरंच दार, चौकट आणि मागे अख्खी खोली बांधून घेतली असती.

शिवाय नियम होते. कपडा एकवीस दिवस सरांच्या थंड कपाटात राहणार. घ्यायला आलात, की आधी कपडा हुंगायचा, मग बाटली. घरी खिडक्या बंद ठेवायच्या. बाटली परक्या नाकाला लावायची नाही, गंध बिथरतो. एका कपड्यातून गंध एकदाच निघतो, पुढच्या बाटलीला नवा कपडा. आणि गंध निघतो तो पुरुषाचाच. स्त्रीचा म्हणे चंचल असतो, कापडात टिकत नाही. मागे एक म्हातारे गृहस्थ बायकोची शाल घेऊन आले होते, त्यांना ह्याच वाक्यावर परत पाठवलं. त्यांनी शालीची पुन्हा घडी घातली आणि "हो का, बरं" म्हणून ते गेले. तेव्हा रांगेतल्या कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. वाळवीलाही नाही. आपल्या आईचा नंबर पुढे सरकला, एवढंच तिच्या मनात आलं होतं. त्या गोष्टीची तिला पुढे फार लाज वाटली.

कारण वाळवीचा धंदाच नाकाचा. बिस्किटांच्या कारखान्यात चाखण्याच्या खोलीत ती बारा वर्षं काम करत होती. नव्या तुपाचं बिस्किट जुन्यासारखंच लागतं का, हे त्या खोलीत कुणी कुणाला विचारत नाही. तीन झाकलेल्या वाट्या पुढे येतात, वर नुसते आकडे. दोन वाट्यांत एकच माल, तिसरीत वेगळा. वेगळी ओळखा. एकदा नव्हे, बारा वेळा. सांगून खाल्लेल्या घासाला तिथे काही किंमत नसते.

अशी ही बाई. चार महिन्यांपूर्वी ती ह्याच दुकानातल्या टेबलाशी बसली, सरांनी बाबांचा निळा शर्ट तिच्यापुढे धरला, मग बाटली धरली, आणि ती ढसाढसा रडली. तोच तो वास! आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि स्वतःही रडत होती. तीन वाट्या कुणाला आठवतात तेव्हा?

त्यानंतर घराचं डबडं झालं. आईने खोलीच्या खिडक्यांना फटींवरून चिकटपट्टी लावली. सकाळी उशीवर दोन थेंब, संध्याकाळी दोन. घरात काही तळायचं नाही, कांदा चिरायचा नाही, उदबत्तीसुद्धा नाही. आई बाहेर पडेनाशी झाली. "बाहेर गेलं की नाकात भलभलते वास भरतात," ती म्हणायची. मैत्रिणी आल्या तर दाराच्या फटीतून बोलायची, आत आल्या तर गंध जाईल ना बरोबर. वाळवी डबा जिन्यात बसून खायची आणि हात धुऊन, चूळ भरून घरात शिरायची.

"आई, थोडी तरी हवा येऊ दे गं."

"तुझ्या हवेला मेलं काय करायचंय? बाहेर एवढी हवा आहे, जा की तिकडे."

जायचं कुठे? वास तिच्याही कपड्यांत, केसांत बसलेला. कारखान्यातल्या खोलीचे प्रमुख, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी तिला तीनदा दारातूनच परत पाठवलं. चाखणाऱ्याच्या अंगाला वास चालत नाही. बिनवासाच्या साबणाने अंघोळ, बिनवासाच्या साबणाने कपडे, असा तिथला शिरस्ता. चौथ्यांदा अण्णा म्हणाले, "हे बघ, तुझं दुःख मला कळतं. पण ते तू अंगाला चोपडून येतेस, त्याचं मी काय करू? महिनाभर बघतो. मग तुला गोदामात टाकावं लागेल."

घरात बाटलीचा तळ दिसायला लागला होता. आईने अ‍ॅप्रन कपाटातून काढून पिशवीत ठेवला. "येत्या एक तारखेला देऊन येऊ," ती म्हणाली. वाळवीने मान डोलावली. नाही म्हणायला तोंड नव्हतं. नाही म्हटलं तर आई बाबांना दुसऱ्यांदा हरवणार आणि हो म्हटलं तर ती त्या खोलीतून कधीच बाहेर येणार नाही.

त्याच आठवड्यात वाळवीची दाढ ठणकायला लागली. दाताच्या डॉक्टरकडे जायला ती लिफ्टमध्ये शिरली आणि दार बंद झालं.

लिफ्टमध्ये बाबा होते.

तिने नाक दाबलं, सोडलं. होतेच. आपल्या कपड्यांचा वास हा? पण डॉक्टरकडे जायचं म्हणून तिने आज कारखान्यातल्या मोरीत अंघोळ करून तिथलेच कपडे चढवले होते. लिफ्टमध्ये दुसरी एकच बाई होती. पन्नाशीची, गळ्यात मोजपट्टी, ती काढायला विसरलेली. वास तिच्या रुमालातून येत होता.

"माफ करा," वाळवी म्हणाली, "तुमच्या रुमालाला कसला वास आहे?"

बाईने रुमाल मुठीत दाबला. "माझ्या मिस्टरांचा."

"काय करायचे ते?"

"बस चालवायचे. तुम्हाला काय करायचंय?"

"हा वास माझ्या बाबांचा आहे."

बाईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. त्या नजरेचा अर्थ लागला आणि वाळवीच्या कानशिलांत रक्त चढलं. "तसं नाही हो!" ती जवळजवळ ओरडली. "बाटलीतला म्हणतेय मी! चौकोनी बाटली, वर मेण!"

तिसरा मजला आला, गेला. दाढ ठणकायची थांबली म्हणा किंवा तिच्याकडे लक्ष द्यायला कुणी उरलं नाही म्हणा. दोघी वरखाली जात राहिल्या.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमधल्या त्या टेलरबाई आपली बाटली घेऊन कारखान्यात आल्या. वाळवीने आईची बाटली पर्समध्ये घालून आणली होती, चोरासारखी. अण्णांनी दोन्हीतले दोन-दोन थेंब कापसावर टाकून वाट्यांत ठेवले, झाकले, आकडे घातले. वाळवीने बारा वेळा तीन-तीन वाट्या हुंगल्या. बारातल्या चार वेळा तिने वेगळी वाटी बरोबर दाखवली.

"चार," अण्णा म्हणाले. "वाट्या न हुंगता, डोळे मिटून बोट ठेवलं असतंस तरी एवढ्या आल्या असत्या. दोन्ही एकच माल आहे, बाई."

टेलरबाई खुर्चीत बसल्या. "पण माझ्या मिस्टरांच्या स्वेटरशी जुळला होता वास. ह्याच नाकाने हुंगलाय मी. स्वेटर काय खोटं बोलेल?"

"माझ्याही शर्टाशी जुळला होता," वाळवी म्हणाली.

अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला. "शर्ट त्यांच्याकडे किती दिवस होता?"

"एकवीस."

"आणि परत आल्यावर पहिल्यांदा कधी हुंगलात?"

"तिथेच. बाटलीच्या आधी."

मग अण्णांनी कपाट उघडून गठ्ठ्यातला एक पांढरा अ‍ॅप्रन काढला. कोरा. तीनदा बिनवासाच्या साबणाने धुतलेला, कुणाच्याच अंगाला न लागलेला. "हा नेऊन दे," ते म्हणाले. "सांग, काका गेले. काका म्हणून माझं वर्णन कर. मला मरायला काही हरकत नाही, पगार तेवढा चालू ठेवा म्हणजे झालं."

अ‍ॅप्रन वाळवीने दुकानात दिला. त्याचीच पावती आता वाळवीच्या खिशात होती. एकवीस दिवस आज भरत होते. आणि आज एक तारीख होती.

अकरा वाजले. दार उघडलं, रांग आत सरकली. टेलरबाई आणि अण्णा मागून शिरले, जागा धरून भिंतीशी उभे राहिले.

"तू कुठे चाललीस? आपल्या नंबराला अजून वेळ आहे," आई म्हणाली.

"माझी एक पावती आहे, आई."

"कसली पावती?"

वाळवी टेबलाशी जाऊन बसली. गंधसरांनी पावती बघितली, आतून अ‍ॅप्रन आणि बाटली आणली. क्षणभर डोळे मिटले.

"तुमचे काका. करारी माणूस. कमी बोलणारा. घामात लोखंड होतं, ताई. मला दोन रात्री झोप लागली नाही." मग अ‍ॅप्रन पुढे आला. "आधी कापड." मग बाटली. "आता हे. जुळतंय?"

वाळवीने हुंगलं. कोऱ्या कापडातून बाबांचा वास आला. सगळं माहीत असूनही तिने पुन्हा एकदा हुंगलं आणि त्या क्षणी तिला स्वतःचाच राग आला.

"जुळतंय," ती मोठ्याने म्हणाली. "अगदी तंतोतंत."

"जुळणारच. काका इथेच आहेत."

"हो. ते काय, भिंतीशी उभे आहेत."

अण्णा पुढे आले. "मी तो. मेलेला. कमी बोलणारा वगैरे ठीक आहे, पण घरी विचारा, हसतील."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच दबलं. गंधसर मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "जिवंत माणसालाही गंध असतो," ते शांतपणे म्हणाले. "त्यात नवल काय?"

"नवल हे, की हा मी घातलेला नाही. कुणीच नाही. कोरा आहे. आता सांगा, ह्यातलं लोखंड कुणाचं?"

"कापड विणणाऱ्याचा हात लागलेला असतो. तो कुणीतरी गेलेला असेल. गंध मुक्कामाला..."

आणि रांगेतल्या दोन-तीन माना चक्क हलल्या! असेल बाई, विणकराचा असेल. ह्या माणसाकडे प्रत्येक कुलपाला किल्ली होती आणि कुलपं आतून बायकांनीच लावून घेतली होती.

तेवढ्यात टेलरबाईंनी अ‍ॅप्रन उचलला आणि टेबलावरच्या एकुलत्या दिव्यापुढे ताणून धरला. तीस वर्षं कापड उजेडात धरून दोष शोधणारा हात तो. पांढऱ्या कापडावर एका बाजूने बारीक पिवळे ठिपके दिसले. मध्ये दाट, कडेला विरळ.

"हा काय विणकराचा हात?" त्या म्हणाल्या. "हा पंप आहे. फवारा इथून मारलाय, डाव्या बाजूने, वीतभर अंतरावरून. रंगीत कपड्यावर दिसत नाही म्हणून चाललं इतके दिवस." आणि आपल्या पिशवीतून बाटली काढून त्यांनी बुच उघडलं, शेजारणीच्या नाकासमोर धरलं. "घ्या. परकं नाक. बघू गंध बिथरतो का."

शेजारीण मागे सरली, मग हुंगली. तिचा चेहरा पालटला. "अगंबाई! हे तर आमचे!"

"तुमचे कसे? द्या इकडे. हे आमचे आहेत!"

बुचं उघडली. पिशव्यांतून बाटल्या निघाल्या, ह्या हातातून त्या हातात गेल्या. शिक्षक, पहारेकरी, दलाल, बसचालक, कुणी तरणाताठा गेलेला, कुणी नव्वदीचा. दोन मिनिटांत दुकानात सगळ्यांत मिळून एकच नवरा उरला. एक बाई हसायला लागली आणि तिला हसू आवरेना, मग कळलं की ती रडते आहे.

गंधसर आतल्या खोलीत गेले. मागच्या दाराचा आवाज झाला. थंड कपाट उघडं सापडलं. आत घड्या केलेले कपडे होते आणि खालच्या कप्प्यात तेच अत्तर, पाण्यासारखं पातळ केलेलं, एका फवारणीच्या बाटलीत. झाडांवर मारतात ना औषध, तसली.

एवढंच होतं सगळं. कपड्यावर तेच मारायचं, बाटलीत तेच भरायचं आणि आधी कपडा हुंगवायचा. मग न जुळायला ते काय वेगळे आहेत? उरलेलं काम माणसं आपणहून करतात. बंद खोलीत रोज तोच वास घेऊन, रोज त्याच माणसासाठी रडलं, की महिन्याभरात तो वास त्या माणसाचाच होतो. परक्या नाकाची बंदी गंधासाठी नव्हती, कुणी दोघींनी कधी बाटल्या ताडून बघू नयेत म्हणून होती. आणि शालवाल्या आजोबांना परत पाठवलं, कारण बायकांसाठी दुसरं अत्तर बनवण्याचीसुद्धा ह्या गृहस्थाने तसदी घेतली नव्हती.

आई ह्या गोंधळात कुठेच नव्हती. ती बाहेर पायरीवर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. वाळवी शेजारी बसली.

"बाटली तू नेलीस ना? मधे एक दिवस सापडत नव्हती."

"हो."

"मला सांगितलं असतंस तर?"

"तू ऐकलं असतंस?"

"नाही," आई म्हणाली. मग पिशवीकडे बघत, "म्हणजे निळा शर्ट..."

त्याच्यावरही तेच फवारलेलं होतं. निळ्या शर्टात खरे बाबा होते. रुग्णालयात जाण्याच्या आदल्या दिवशी दिवसभर घातलेला. त्या दोघींनी तो आपल्या हाताने आणून दिला होता, पावती घेऊन. बाटलीसाठी दिलेलं सगळं एकवेळ विसरता आलं असतं. ह्याची भरपाई कुठल्या कोर्टात मागायची?

"मला आता आठवतच नाही गं," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "खरा कसा होता, ते. आठवायला गेलं की तीच बाटली येते."

वाळवीने तिच्या मांडीवरची पिशवी उघडून दिली. आईने अ‍ॅप्रन वर काढला नाही, तोंडच पिशवीत घातलं. खूप वेळ. मग तोंड बाहेर काढून तिने नाक मुरडलं, अगदी जुन्या सवयीने.

"शी. सरस."

पुस्तकांच्या पाठी चिकटवायचा सरस. हाडं, कातडी उकळून करतात तो. तीस वर्षं आई त्यावरून भांडत आली होती. आधी हात धुऊन या, मग जेवायला बसा. बादली बाहेर ठेवा. घराचा काय कत्तलखाना करायचाय का.

"सरस, शिळी खळ आणि घाम," आई म्हणाली. "तुझ्या बाबांना इतका चांगला वास कधी होता गं? चंदन काय, लाकूड काय. मला तेव्हाच कळायला हवं होतं." आणि ती हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

घरी गेल्यावर तिने स्वतः चिकटपट्टीचं टोक नखाने उचकटलं. पट्टी रंगाचे पोपडे घेऊन निघाली. खिडकी उघडताना कुरकुरली, रस्त्याचा धूर आत आला, कुणाच्या तरी घरचा तळणाचा वास आला.

"अ‍ॅप्रनचाही वास जाईल आता," आई म्हणाली.

"जाईल हळूहळू."

"जाऊ दे. खरा आहे, तो जाणारच."

एवढं ज्या बाईला कळलं, तिला ते कुण्या महाराजाने किंवा सराने सांगितलं नव्हतं. तीन झाकलेल्या वाट्या, एक कोरं कापड आणि उजेडात धरून बघणारी एक शिवणकाम करणारी बाई, ह्यापलीकडे काही लागलं नाही. ते कुणाच्याही घरी असतं. तुमच्या दुःखावर कुणी इलाज विकायला आलं, तर तो घ्यायच्या आधी झाकून बघा, आणि एकट्याने बघू नका, शेजारच्याला बोलवा. ज्या वस्तूला परकं नाक चालत नाही, ती वस्तू परक्या नाकासमोर सगळ्यात आधी धरा.

बाटलीत तळाशी थोडं उरलं होतं. आईने ते मोरीत ओतलं, बाटली धुतली आणि तिच्यात खिडकीसाठी तेल भरून ठेवलं. खिडकी रोज उघडायची, तर कुरकुर नको.